मृतांचे व्याकरण : भूमिकाखेळांतील प्रेते, मंत्र आणि नियमाची दिशा

१

फँटसीवर आधारलेला भूमिकाखेळ हा वाङ्मयप्रकार आहे की मनोरंजनाचे केवळ एक साधन, हा वाद प्रस्तुत लेखात उपस्थित करावयाचा नाही. ह्या खेळाचे स्वरूप मात्र आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. चार-सहा माणसे एका टेबलाभोवती बसतात. त्यांतील प्रत्येक जण एका कल्पित पात्राची भूमिका घेतो. एक जण मात्र पात्र न घेता त्या जगाची, तेथील इतर सर्व माणसांची आणि घटनांची जबाबदारी उचलतो. निरनिराळ्या खेळांत त्याला निरनिराळी नावे आहेत. येथे त्याला ‘सूत्रधार’ म्हणू. आपले पात्र काय करू इच्छिते ते खेळाडू बोलून सांगतो आणि ते साधले की नाही हे नियम व फासे ठरवतात. येथे रंगमंच नसतो, प्रेक्षक नसतात, आधी लिहिलेले संवादही नसतात. लिहिलेले असते ते नियमपुस्तक. नाट्यसमीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर येथे प्रयोग दर वेळी नवा असतो आणि संहिता ही संवादांची नसून शक्यतांची असते. अमुक केले तर तमुक घडेल, अशा जर-तरच्या वाक्यांनी ती बनलेली असते.

ह्या प्रकाराचा आरंभ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून मानला जातो. पुढे त्याचा अभ्यासही सुरू झाला. गॅरी अॅलन फाइन ह्यांनी १९८३ च्या ‘शेअर्ड फँटसी’ ह्या ग्रंथात त्याकडे समाजशास्त्राच्या अंगाने पाहिले. डॅनिएल मॅके ह्यांनी २००१ मध्ये त्याची मांडणी एक नवी प्रयोगकला म्हणून केली. दोन्ही अभ्यासांचा भर खेळणाऱ्यांवर आणि प्रयोगावर आहे. प्रस्तुत लेखात नियमपुस्तकाकडे संहिता म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे, आणि तोही एका मर्यादित प्रश्नाच्या संदर्भात : मेलेल्या माणसाविषयी ही संहिता काय म्हणते?

हा प्रश्न निवडण्यास कारण आहे. जिवंतांविषयीचे नियम अनुभवाशी ताडून पाहता येतात. माणूस किती लांब उडी मारू शकतो, जखम भरायला किती दिवस लागतात, ह्याची काही कल्पना प्रत्येकाला असते. मृतांविषयीचा नियम ताडून पाहण्यासाठी असा अनुभव उपलब्ध नाही. तेथे संहिता जे लिहिते ते सर्वस्वी तिचे स्वतःचे असते. साहजिकच तिच्यामागील जीवनदृष्टी ह्या ठिकाणी सर्वांत उघडी पडते.

२

अद्भुताच्या आधुनिक समीक्षेत त्स्वेतान तोदोरोव्ह ह्यांच्या १९७० च्या ग्रंथाला मध्यवर्ती स्थान आहे. त्यांच्या मते अद्भुताचा प्राण संभ्रमात असतो. घडलेली घटना निसर्गनियमांत बसणारी आहे की त्यांपलीकडची, ह्याचा निर्णय वाचकाला करता येत नाही तोवरच अद्भुत टिकते. ह्या कसोटीवर भूमिकाखेळ पहिल्याच पानावर अनुत्तीर्ण ठरतो. त्याच्या संहितेत भुताला स्वतंत्र नोंद असते. त्याची ताकद, त्याच्या संरक्षणाचा अंक, त्याला कोणते शस्त्र लागते आणि कोणते लागत नाही, हे सर्व छापलेले असते. संभ्रमाला जागाच उरत नाही. नियम आला की गूढ संपले, असा निष्कर्ष ह्यावरून सहज काढला जातो.

हा निष्कर्ष घाईचा आहे, असे मला वाटते. मृतांशी होणारा माणसाचा व्यवहार नेहमीच नियमबद्ध राहिलेला आहे. रोबेर एर्त्झ ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९०७ च्या आपल्या निबंधात बोर्निओतील दयाक लोकांच्या दुहेरी अंत्यविधीचे विवेचन केले. आधी तात्पुरते दफन, मग पुष्कळ काळाने अस्थींचा अंतिम संस्कार. आणि ह्या दोहोंमधील काळात मृताचा आत्मा अस्थिर, तर त्याचे आप्त निर्बंधांत. मृत्यू हा एक क्षण नसून समाजाने पार पाडावयाची दीर्घ प्रक्रिया आहे, हे एर्त्झचे प्रतिपादन. आपल्याकडील सपिंडीकरणाचा विधीही प्रेताला पितरांच्या पंक्तीत नेऊन बसवण्याचाच विधी आहे. त्यात दिवस मोजलेले असतात, पिंड मोजलेले असतात, तोंड कोणत्या दिशेला करावे हेदेखील ठरलेले असते. कोणत्याही नियमपुस्तकाला मागे टाकील इतका हा तपशील आहे. परंतु त्यामुळे मृत्यूचे गांभीर्य उणावले असे कोणी म्हटलेले नाही.

तेव्हा नियम असणे हा दोष नव्हे. विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. नियम कोणाला बांधतो? विधीचा नियम प्रथम जिवंताला बांधतो. मृताचे काही देणे आहे आणि ते अमुक रीतीने फेडले पाहिजे, असे तो सांगतो. विधी मृताला दूरही ठेवतो हे खरे, पण काही दिल्याशिवाय नाही. ह्याउलट ज्या नियमात सर्व अटी मृताला लागू होतात आणि सर्व सोय जिवंताची होते, त्यात मृत हा साधनाच्या पातळीवर उतरतो. ह्या भेदाला ‘नियमाची दिशा’ असे म्हणता येईल. खेळांच्या संहितांचे मूल्यमापन ह्या निकषावर करून पाहावे, असे येथे सुचवावयाचे आहे.

मंत्राच्या बाबतीतही हाच निकष उपयोगी पडतो. जे. एल. ऑस्टिन ह्यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी बोलणे हीच एक कृती असते हा विचार रूढ केला. अशी कृती सफल होण्यासाठी योग्य व्यक्ती, योग्य प्रसंग, योग्य पद्धती अशा अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. भूमिकाखेळात तलवारीचा वारदेखील बोलूनच करावयाचा असतो. ‘मी मंत्र टाकतो’ हे वाक्य म्हणूनच तेथे दुहेरी वाक्कृती ठरते. खेळाडूच्या बोलण्याने पात्र बोलते आणि पात्राच्या बोलण्याने जग बदलते. जादूचे नियम म्हणजे वस्तुतः ह्या दुसऱ्या वाक्कृतीच्या सफलतेच्या अटी होत. त्या अटींची किंमत कोण मोजतो, एवढेच पाहावयाचे.

३

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे मूळ युद्धखेळात आहे. गायगॅक्स आणि जेफ पेरेन ह्यांच्या १९७१ च्या ‘चेनमेल’ ह्या युद्धखेळाला फँटसीची एक पुरवणी जोडलेली होती आणि तीत पिशाचे प्रथम आली ती सैन्याचा एक प्रकार म्हणून. युद्धखेळात पडलेला शिपाई पटावरून उचलला जातो. मृताला पटावर जागा नसते. पिशाचाला मिळालेली जागा ही शत्रूच्या तुकडीची जागा होती. १९७४ च्या संहितेत धर्मोपदेशकाने पिशाचांना पिटाळून लावण्याची एक सारणी आहे. तीत तळाशी सांगाडे, मग वरच्या पायऱ्यांवर अधिकाधिक बलवान प्रकार आणि शिखरावर रक्तपिपासू व्हँपायर, अशी उतरंड आहे. उपदेशकाचा दर्जा एका बाजूला, पिशाचाचा वर्ग दुसऱ्या बाजूला आणि मधल्या चौकटीत फाशांवर पडावयाचा अंक.

ह्या सारणीचे मर्म आपल्या भाषेच्या शेजारी ठेवल्यास चटकन लक्षात येते. मराठीत भुतांची जी नावे आहेत ती बळावरून पडलेली नाहीत. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधीच जो मुलगा गेला त्याचा मुंजा होतो. त्याच्या नावातच त्याचे अपुरे राहिलेले आयुष्य आहे. ‘समंध’ हा शब्द तर ‘संबंध’ ह्या शब्दाचेच रूप मानला जातो. भूत म्हणजे न तुटलेले नाते, असे जणू भाषाच सांगते. इंग्रजी नियमपुस्तकांनी अशा सर्वांसाठी ‘अनडेड’ हा एकच सामान्य शब्द पत्करला. त्याचे शब्दशः भाषांतर ‘अ-मृत’ असे होईल आणि ते आपल्याला वापरता येणार नाही, कारण तो शब्द आपल्या परंपरेने नेमक्या उलट अर्थासाठी राखून ठेवला आहे. ‘अनडेड’ हा अभावाने बनलेला वर्ग आहे. तो काय नाही एवढेच त्यात सांगितले जाते. तो कोणाचा कोण होता, हे सांगितले जात नाही.

असे असले तरी ह्या आरंभीच्या संहितेत एक जागा अशी होती की जेथे नियमाची दिशा अकस्मात उलटत असे. काही पिशाचांचा नुसता स्पर्श झाला तरी पात्राने कमावलेल्या श्रेणींपैकी एक किंवा दोन श्रेणी नाहीशा होत. श्रेणी म्हणजे पात्राने भोगलेल्या अनुभवाचा साठा. ती मिळवायला खेळाडूला कित्येक बैठका घालवाव्या लागत. भुताच्या स्पर्शाने जात होता तो पात्राचा भूतकाळ आणि त्याबरोबर खेळाडूचे खरेखुरे महिनेही. मराठीत ‘भूत’ हा शब्द पिशाचालाही लागतो आणि गेलेल्या काळालाही. ह्या नियमाला त्याहून नेमके भाष्य सापडणार नाही. त्याच संहितेतील जादूही विस्मरणावर उभी होती. जॅक व्हान्स ह्यांच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’मधून ती कल्पना आली : मांत्रिकाने मंत्र मनात साठवावयाचा आणि उच्चारताच तो मनातून पुसला जावयाचा. मंत्र असो की प्रेत, दोहोंशी गाठ पडली की स्मृतीचा काही भाग द्यावा लागे.

पुढील चाळीस वर्षांत ही किंमत क्रमाक्रमाने उतरत गेली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत श्रेणीचा नाश तात्काळ व कायमचा न राहता त्यातून सुटण्याची संधी मिळाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तशाच पिशाचाच्या स्पर्शाने प्राणबलाची कमाल मर्यादा घटते आणि एका दीर्घ विश्रांतीनंतर, म्हणजे आठ तासांनंतर, पूर्ववत होते. जे आयुष्यभराचे नुकसान होते ते रात्रीच्या झोपेने भरून निघू लागले.

मृताला परत आणण्याच्या नियमांचा इतिहासही ह्याच दिशेने गेला आहे. १९७८ च्या नियमपुस्तकात मेलेले पात्र परत येईलच अशी खात्री नव्हती. पात्राच्या शरीरबलाच्या अंकावरून टक्केवारी काढून फासे टाकावे लागत, आणि एका पात्राने किती वेळा परतावे ह्यालाही त्याच अंकाची मर्यादा होती. २००० मध्ये फासा गेला; एक श्रेणी गमवावी लागे आणि ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा खर्ची पडे. २००३ च्या सुधारित पुस्तकात हिऱ्याची किंमत ५,००० करण्यात आली. २०१४ मध्ये ती पुन्हा ५०० वर आली आणि श्रेणी गमावण्याची अट गेली. तिच्या जागी काही दिवसांची दुर्बलता आली. ती दर दीर्घ विश्रांतीगणिक एकेका अंकाने ओसरते. मृत्यूला एक मिनिटही झाले नसेल तर ३०० मुद्रांचे हिरे पुरतात. ह्या बदलांमागे खेळाडूंच्या सोयीचा विचार आहे आणि तो समजण्यासारखा आहे. महिनोन्‌महिने वाढवलेले पात्र फाशाच्या एका फेकीत जावे, हे कोणाला आवडेल? परंतु संहिता म्हणून वाचताना जाणवते ते हे, की शरीराने आणि अनुभवाने भरावयाची किंमत हळूहळू पैशाने भरता येऊ लागली. आणि पैशाने भरता येणारी किंमत ही कोणालाही, कोणासाठीही भरता येते. तीत नाते लागत नाही.

ह्या दिशेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे प्रेताला बोलते करण्याचा मंत्र. पाचव्या आवृत्तीत त्याच्या अटी अशा आहेत : प्रेताला तोंड असले पाहिजे, मांत्रिक दहा मिनिटांच्या अवधीत पाच प्रश्न विचारू शकतो, प्रेताला जिवंतपणी जे माहीत होते तेवढेच ते जाणते, नवे काही शिकत नाही, त्याच प्रेतावर दहा दिवस हा मंत्र पुन्हा चालत नाही. आत्मा परत येत नाही. देहात उरलेले एक चैतन्य तेवढे बोलते. प्रेताने खरेच बोलले पाहिजे अशी सक्ती नाही, ही त्याला मिळालेली एकमेव सवलत. येथे मृत हा साक्षीदार आहे, आणि उलटतपासणी जिवंताच्या हाती आहे.

वेताळपंचविशी ज्याने वाचली आहे त्याला ह्या मंत्रातील उणीव सांगावी लागणार नाही. तेथेही प्रेत बोलते. वेताळ हा त्या प्रेताचा आत्मा नव्हे, पण बोलतो प्रेताच्याच मुखाने. मात्र प्रश्न तो विचारतो आणि उत्तर राजाला द्यावे लागते. उत्तर माहीत असून गप्प राहावे तर डोके फुटेल, बोलावे तर प्रेत पुन्हा झाडावर जाईल. सर्व अटी जिवंताला लागू आहेत. दोन्हीकडे नियम तितकाच काटेकोर आहे. तरी एकाने माहिती मिळते आणि दुसऱ्याने जिवंताच्या न्यायबुद्धीची परीक्षा होते. फरक नियमाच्या दिशेत आहे.

४

नियमाच्या काटेकोरपणाची परमावधी पाहावयाची असेल तर जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन ह्यांच्या १९८७ च्या ‘आर्स मॅजिका’कडे वळावे लागेल. हा खेळ मध्ययुगीन युरोपच्या एका कल्पित रूपात घडतो आणि त्यातील जादू अक्षरशः व्याकरण आहे. निर्मिणे, जाणणे, पालटणे, नाशणे आणि नियंत्रणे असे पाच लॅटिन क्रियाशब्द. प्राणी, जल, वायू, देह, वनस्पती, अग्नी, प्रतिमा, मन, भूमी आणि शक्ती अशी दहा लॅटिन नामे. एक क्रिया आणि एक नाम जुळवले की मंत्राचा साचा तयार होतो. पन्नास जोड्यांमधून मांत्रिकाचे सारे जग बोलता येते. तयार मंत्र पाठ करण्याऐवजी ऐन वेळी नवे वाक्य रचण्याची मुभा असल्याने हा मांत्रिक भाषा बोलणाऱ्या माणसाच्या सर्वांत जवळ जातो.

मृताचे ह्या व्याकरणात काय होते? त्याचे दोन तुकडे होतात. प्रेत चालवावयाचे असेल तर ‘नियंत्रणे’ आणि ‘देह’. भूत बोलवावयाचे असेल तर ‘नियंत्रणे’ आणि ‘मन’. मेलेल्या माणसासाठी स्वतंत्र नाम नाही. जो गेला तो कोणत्याही एका शब्दात मावत नाही, म्हणून तो दोन विभक्त शब्दांत वाटला जातो. एका अर्थाने हे मृत्यूचे फार अचूक वर्णन आहे. देह आणि मन ह्यांना एकत्र धरणारा शब्द नाहीसा होणे, हाच तर मृत्यू.

ह्या खेळाच्या रचनाकारांना ह्याची जाणीव होती असे दिसते. कारण त्यांच्या मांत्रिकशास्त्राला काही मर्यादा घातलेल्या आहेत आणि त्यांपैकी एक आत्म्याची मर्यादा आहे. ह्या जादूने अमर आत्मा निर्माण करता येत नाही आणि मृताला खऱ्या जीवनात परत आणता येत नाही. पन्नास जोड्या असलेल्या भाषेतही एक वाक्य व्याकरणशुद्ध असूनही उच्चारता येत नाही. संहिता आपल्या सामर्थ्याची सीमा स्वतःच आखते, आणि ती सीमा नेमकी मृताच्या दारात आहे. हिऱ्याची कितीही किंमत दिली तरी हे दार उघडत नाही. ‘आर्स मॅजिका’तील मृत मांत्रिकाच्या कामी येतो खरा, पण पूर्णपणे त्याच्या मालकीचा होत नाही.

५

ह्यापुढे जाऊन नियमाची दिशाच बदलणारे दोन खेळ म्हणजे १९७८ चा ‘रूनक्वेस्ट’ आणि १९८१ चा ‘कॉल ऑफ कथुलू’. दोन्ही केऑसियम ह्या प्रकाशनसंस्थेचे.

‘रूनक्वेस्ट’ ज्या ग्लोरांथा नावाच्या जगात घडतो ते ग्रेग स्टॅफर्ड ह्यांनी निर्माण केले. तेथे जादू हा विद्वानाचा एकाधिकार नाही. प्रत्येक माणसाजवळ थोडीफार आत्मिक शक्ती असते आणि तिचाच एक अंक असतो. आत्म्याशी झुंज होते ती ह्या अंकाची त्या अंकाशी. झुंजीत आत्मा वरचढ ठरला तर माणूस झपाटला जाऊ शकतो. मृत आणि जिवंत ह्यांना एकच माप लावलेले असल्याने येथे जिवंताला उपजत वरचढपणा नाही. स्टॅफर्ड आणि स्टीव्ह पेरिन ह्यांच्या १९७९ च्या ‘कल्ट्स ऑफ प्राक्स’ ह्या पुस्तकात डाका फाल नावाच्या दैवताचा पंथ वर्णिला आहे. डाका फाल हा मरण पावलेला पहिला मर्त्य आणि म्हणून मृतांचा न्यायाधीश. आपल्याकडील वाचकाला येथे वैदिक यमाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ह्या पंथाचे लोक पूर्वजांना बोलावतात, परंतु स्वतःच्याच. सारणीतल्या वर्गाच्या जागी वंशाचा धागा येतो. ज्याला पूर्वज हवा त्याने आधी कोणाचा तरी वंशज असले पाहिजे. ह्याच जगातील हुमाक्त ह्या मृत्युदेवतेच्या दीक्षित उपासकाला पुनर्जीवन मिळत नाही. मृत्यूला सत्य मानल्याची किंमत त्याला स्वतःच्या मृत्यूत मोजावी लागते.

सँडी पीटरसन ह्यांचा ‘कॉल ऑफ कथुलू’ हा एच. पी. लव्हक्राफ्टच्या भयकथांवर आधारलेला. त्यात पात्राच्या मनःस्वास्थ्याला एक अंक असतो आणि गूढ ज्ञानालाही एक अंक असतो. हे ज्ञान जितके वाढेल तितकी स्वास्थ्याची कमाल मर्यादा खाली येते. मंत्र शिकणे आणि टाकणे म्हणजे बहुधा ह्याच स्वास्थ्यातून खर्च करणे. लव्हक्राफ्टच्या चार्ल्स डेक्स्टर वॉर्डच्या कथेत मृतांच्या क्षारांतून त्यांना पुन्हा उठवून प्रश्न विचारणारे मांत्रिक आहेत आणि शेवटी त्यांचा सर्वनाश होतो. खेळाच्या संहितेने ह्या कथावस्तूचे रूपांतर गणितात केले. पण गणित असे योजले की जाणणारा जाणण्याच्या प्रमाणात उणा होत जावा. येथे अंक गूढाला मारत नाही. घसरत जाणारा तो अंक कागदावर डोळ्यांसमोर लिहिलेला असणे, हीच भीती होते. तोदोरोव्हला अभिप्रेत असलेला संभ्रम येथे सापडणार नाही हे मान्य. पण त्याच्या जागी एक निश्चिती येते आणि ती अधिक भयावह आहे.

६

आतापर्यंतच्या सर्व खेळांत खेळाडू जिवंत पात्राच्या बाजूने बसलेला होता. १९९४ मध्ये व्हाइट वुल्फ ह्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या ‘रेथ : द ऑब्लिव्हियन’मध्ये त्याला पलीकडे नेऊन बसवण्यात आले. येथे पात्र मेलेले असते. खेळाची सुरुवात मृत्यूनंतर होते. पात्राच्या कागदावर मुख्य नोंदी दोन : त्याला मागे ओढणाऱ्या वासना आणि जिवंतांच्या जगाशी बांधून ठेवणाऱ्या बेड्या. बेडी म्हणजे एखादे माणूस, घर, अंगठी, काहीही. वासनांमधून त्याला बळ मिळते; बेड्या तुटल्या की जिवंतांच्या भूमीवरील त्याचा पाय सुटतो. ‘समंध’ ह्या शब्दात जे आहे तेच ह्या संहितेत रचनातत्त्व बनले आहे. भूत म्हणजे संबंधांची यादी.

दोन रचनाविशेष ह्या खेळाला अन्य सर्व खेळांपासून वेगळे करतात. पहिला असा, की प्रत्येक मृताला एक काळी बाजू असते, तिला ‘छाया’ म्हणतात, आणि ती छाया त्याचा खेळाडू खेळत नाही, शेजारी बसलेला दुसरा खेळाडू खेळतो. तो कानाशी लागतो, मोह घालतो, जुनी जखम उकरून काढतो. स्वतःच्या मनातील परकेपण खरोखरच परक्याच्या आवाजात ऐकू येणे, ही योजना कादंबरीला किंवा नाटकाला इतक्या साध्या उपायाने साधणे कठीण आहे. दुसरा विशेष असा, की मृतांच्या ह्या साम्राज्यात दुर्बल आत्मे वितळवून त्यांच्यापासून शस्त्रे, भिंती आणि नाणी घडवली जातात. मृताचे साधन होणे, त्याचे चलन होणे, ही जी प्रक्रिया आपण आधीच्या खेळांच्या नियमांत लपलेली पाहिली, ती येथे कथावस्तूत उघड्यावर आणली आहे. इतर खेळांत मृताला परत आणण्यासाठी नाणी खर्च होतात. येथे नाणे हाच कोणीतरी मृत असतो. ह्याहून कठोर आत्मटीका ह्या वाङ्मयप्रकाराने स्वतःवर केलेली मला माहीत नाही.

ह्या खेळाने आपल्या रूपकाची सर्वांत अवघड कसोटी १९९७ मध्ये घेतली. ज्यू नरसंहारातील मृतांवर ‘चार्नेल हाउसेस ऑफ युरोप : द शोआ’ ही पुरवणी प्रसिद्ध झाली. खेळाने अशा विषयाला हात घालावा काय, हा प्रश्न न्याय्य आहे आणि तो एका वाक्यात निकालात निघणारा नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते असे, की मारल्या गेलेल्यांच्या तोंडातील सोने काढून वितळवले गेले हा इतिहास आहे. माणसाचे द्रव्य करणारी भट्टी ही कल्पकाची निर्मिती राहत नाही, तेव्हा तिच्याशी खेळणाऱ्याला आपल्या कागदावरचे अंक पूर्वीच्या निर्धास्तपणे वाचता येत नाहीत. नियमाची दिशा हा केवळ रूपबंधाचा प्रश्न नसून नीतीचाही आहे, ह्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा नको. ‘रेथ’ला मोठा वाचकवर्ग लाभला नाही, १९९९ मध्ये ती मालिका संपवण्यात आली आणि २०१८ मध्ये तिची एक नवी आवृत्ती निघाली. तिचे वाङ्मयीन महत्त्व ह्यामुळे कमी होत नाही.

७

ह्या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाण्याची शक्यता आहे. सूत्रधार हवा तो नियम बदलू शकतो. एखाद्या टेबलाभोवती ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधील प्रेतही वेताळासारखे प्रश्न विचारू शकेल. मग संहितेला एवढे महत्त्व का द्यावे? आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तरही त्यातच आहे. प्रयोगाने संहितेवर मात करता येते म्हणून संहितेचे परीक्षण अनावश्यक ठरत नाही, हे नाट्यसमीक्षेने केव्हाच मान्य केले आहे. सूत्रधाराला बदल करावा लागतो, ह्यावरूनच मूळ नियमाचा ओढा कोणीकडे आहे ते कळते. बहुसंख्य खेळाडू त्या ओढ्याबरोबरच जातात.

तथापि ज्या संहितेवर ह्या लेखात सर्वाधिक टीका केली आहे तिच्यातच एक कलम असे आहे की जे तिच्या एकूण दिशेला छेद देते. मृताला परत आणण्याच्या मंत्रात, तिसऱ्या आवृत्तीपासून पाचव्या आवृत्तीपर्यंत, एक अट टिकून राहिली आहे : आत्मा मुक्त असला पाहिजे आणि परत येण्यास राजी असला पाहिजे. हिरा आणलेला आहे, मुदत संपलेली नाही, मांत्रिक समर्थ आहे; वाक्कृतीच्या सर्व अटी जिवंतांनी पुऱ्या केलेल्या आहेत, आणि तरीही ती सफल होणे मृताच्या ‘हो’वर अवलंबून आहे. हा ‘हो’ फाशांवर ठरत नाही. तो ज्याचे पात्र मेले त्या खेळाडूने म्हणावयाचा असतो. बहुधा तो लगेच म्हटला जातो. पण तो ‘नाही’ असेही म्हणू शकतो. त्याच्या पात्राची गोष्ट पूर्ण झाली असेल, त्याला पलीकडे कोणी भेटले असेल, त्याने ज्यांच्यासाठी प्राण दिले त्यांनी तो त्याग रद्द करावा हे त्याला मान्य नसेल. टेबलाभोवतीची माणसे त्याच्या तोंडाकडे पाहत असतात आणि नियमपुस्तकात पुढे काहीही लिहिलेले नसते.

संहितेने राखलेले हे मौन म्हणजे, माझ्या मते, ह्या वाङ्मयप्रकारातील मृतांची खरी जागा. तोदोरोव्हचा संभ्रम नियमपुस्तकाने घटनेतून काढून टाकला. तो येथे माणसामाणसांत पुन्हा प्रकट झाला आहे. भूत आहे की नाही, ही शंका उरलेली नाही. ते आपले ऐकेल की नाही, ही उरली आहे. पहिल्या शंकेला आपल्या जिज्ञासेपलीकडे फारसा अर्थ नाही. दुसरीत आपले मृतांशी असलेले नाते पणाला लागते. पुढे ह्या खेळांचे नियम जे लिहितील आणि त्यांची समीक्षा जे करतील, त्यांनी मृत किती बलवान आहे हे मोजण्याआधी त्याला नकार देता येतो की नाही, हे तपासावे. ज्या संहितेत मृताला ‘नाही’ म्हणता येत नाही, तिच्यात जादू पुष्कळ असेल. मृत मात्र कोणीच नसेल.